राजारामपुरीतली काहील

मित्रांनो, मी एक जुनी, बुडाला भोक पडलेली काहील आहे. आणि त्या भोकाचं मला जराही वाईट वाटत नाही. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची भलीमोठी लोखंडी कढई. खालची धग सोसत मी वीस वर्षं गूळ केला. केरबा गुळव्या रसावरची मळी काढता काढता म्हणायचा, "हिच्यावाणी काहील पंचक्रोशीत न्हाय!" मी फुशारून जायचे.

पुढे ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला, मला भोक पडलं आणि गुऱ्हाळ बंद झालं. केरबा कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका शाळेत शिपाई झाला. मी गोठ्यामागे पालथी पडून राहिले. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्या दिवसांबद्दल मी फारसं बोलत नाही.

२००१ सालच्या जूनमध्ये केरबा मला न्यायला ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या शाळेत जिकडेतिकडे फरशी. पोरांना माती दिसायची ती फक्त बुटांच्या तळाला. मला आवारात ठेवून मातीनं भरायचं ठरलं.

"अहो केरबा, हिला तर भोक आहे," पाचवीच्या क्रांतीबाई म्हणाल्या.

"म्हणूनच आणली की बाई! पाणी साचायचं न्हाय, मुळं कुजायची न्हाईत."

इतकं कौतुक माझं गुळाच्या दिवसांतही झालं नव्हतं.

पाचवीतल्या संघप्रियानं घरातले कच्चे शेंगदाणे आणून पेरले. ही मुलगी वर्गात तोंड उघडत नसे. रोपांशी मात्र तासन्‌तास बोलायची, आणि हळूहळू पाणी घालायच्या पाळीवरून पोरांशी भांडायलाही लागली. गांडूळ दिसलं की किंचाळणारा विजयसिंह महिन्याभरात ते तळहातावर घेऊन मिरवू लागला. पाणी घालायला मिळावं म्हणून पोरं घंटेच्या आधी शाळेत हजर व्हायची. पिवळी फुलं आली, सुकली. मग पोरं रोज फांद्या उचलून शेंगा शोधू लागली.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या! पण काहिलीला तोंड कुठलं? मोठ्यांनीही काही सांगितलं नाही. शेंगा कुठं लागतात हे कोल्हापुरात सांगावं लागेल, असं कुणाच्या मनातच आलं नाही.

ऑक्टोबरात केरबा सुगीसाठी गावी गेला. हेडमास्तर हंबीरराव सरांना स्कूटर लावायला जागा हवी होती. त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "काय रं, शेंगा लागल्या का न्हाईत?"

"एकबी न्हाय सर," पोरं दिसलं तेच बोलली.

"मग उगंच अडगळ कशाला? उद्या भंगारवाल्याला बोलवतो."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला हातोडा घेऊन आला, तर संघप्रिया आडवी उभी.

"सर, जरा थांबा की! झाडं मी घरी नेते. शेंगा न्हाय आल्या म्हणून काय झालं? आमी वाढवल्यात ती!"

तिचे डोळे भरून आले होते. मुळं तुटू नयेत म्हणून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत घातले आणि एक रोप अलगद वर काढलं.

मुळाशी शेंगांचे घोसच्या घोस!

"सर, ह्या खाली लपल्यात!" विजयसिंह ओरडला.

सर धावत आले. शेंगांकडे बघितलं, पोरांच्या तोंडाकडे बघितलं. "आरं, तुमाला ठावंच नव्हतं व्हय?" ते कपाळाला हात लावून इतके हसले, की भंगारवालाही हसू लागला. "चूक माझी. मीच वाकून बघायला पायजे होतं. पावणं, शेंगा खाऊन जावा. माझी स्कूटर ऱ्हाऊ दे बाहेर."

त्या दुपारी क्रांतीबाईंनी मिठाच्या पाण्यात शेंगा उकडल्या. संघप्रियानं मूठभर शेंगा पुढच्या पेरणीला राखून ठेवल्या.

मित्रांनो, कुणालाही भंगारात काढण्याआधी एकदा वाकून, आत हात घालून बघा. हात मळतील, मळू देत.

आता दर जूनला नवी पाचवी येते आणि ऑक्टोबरपर्यंत फांद्यांवर शेंगा शोधते. केरबा कुणाला काही सांगू देत नाही. आणि सातवीत गेलेली, आता सगळ्या शाळेत बडबडी म्हणून गाजलेली संघप्रिया माझ्याशेजारी उभी राहून तोंडावर बोट ठेवते.