कोरी चावी

आमच्या बाबांना जगातली कुठलीही गोष्ट समजावायची तर ती कुलपावरून समजावावी लागते. लग्न, राजकारण, मूळव्याध, काहीही. चाव्या पाडण्यात, म्हणजे नव्या करून देण्यात, त्यांचा उभा जन्म गेला. त्यामुळे माझ्या भावाला ठेवलं होतं त्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "मेंदूत रिसेप्टर असतात, म्हणजे असं समजा, छोटी छोटी कुलपं," तेव्हा मी मनात म्हटलं, झालं! आता हा माणूस पुढचं काही ऐकायचा नाही.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. बाई सांगत होत्या, की गर्द म्हणजे त्या कुलपांत बसणारी चावी. सारखी फिरवली की मेंदू आपली कुलपं कमी करतो, जड करतो, म्हणून माणसाला दिवसेंदिवस जास्त माल लागतो. गर्द थांबलं की कुलपं हळूहळू पूर्ववत होतात.

"आणि खरा धोका तिथेच आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा पूर्वीचंच माप घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. ओढ तर जातच नाही. जुनी जागा, जुनी वस्तू समोर आली की मेंदू चावीची वाट बघायला लागतो."

मग त्यांनी नाकात मारायच्या फवाऱ्याची डबी दिली. दोन फवारे होते. हे औषध त्याच कुलपांत शिरतं, गर्दाला बाहेर ढकलतं, पण स्वतः कुलूप उघडत नाही.

"म्हणजे कोरी चावी!" बाबा ओरडलेच. बाईंना कळेना, तेव्हा मी सांगितलं, दात न पाडलेली चावी. भोकात जाते, पण फिरत नाही.

"अगदी बरोबर," बाई हसल्या. "फक्त तिचा अंमल गर्दाच्या आधी उतरतो. म्हणून फवारा मारला तरी अँब्युलन्स बोलवायचीच."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. बाबा स्वतःवर खूश होण्यात गुंतले होते.

परतताना त्यांनी निकाल देऊन टाकला. "वापरात नसलेलं कुलूप गंजतं. आता ती चावी फिरायचीच नाही. सुटला आपला खिट्टी."

"बाबा, त्या नेमकं उलटं सांगत होत्या."

"तू कालची पोर. मला कुलूप शिकवतेस?"

खिट्टी म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी रुसला की ओठ असे खिट्टी लावल्यासारखे घट्ट मिटायचा की बाबांनीच हे नाव ठेवलं. पुढे गर्दापायी त्याने घर धुऊन नेलं, पण ओठ उघडले नाहीत, आणि नावही सुटलं नाही. केंद्रातून आला तो गालावर मांस घेऊन, हात स्थिर करून. दुकानात माझ्याशेजारी बसून कानस चालवायला लागला. आई नाही आमची. असती तर तिने त्याची रोज दृष्ट काढली असती, इतका तो चांगला दिसत होता. मी काही मऊ बाई नाही, पण त्याच्या कानशीचा आवाज ऐकत बसायला मला आवडायचं. फवाऱ्याची डबी मी कोऱ्या चाव्यांच्या खिळ्यावर टांगून ठेवली होती.

पाच-सहा महिने बरे गेले. मग एका सकाळी लाँड्रीवाला एक मोठं पितळी कुलूप घेऊन आला. चावी हरवलीय, नवी करून द्या म्हणाला. त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीचं होतं ते.

खिट्टीने कुलूप हातात घेतलं आणि थांबला. त्याचा गळा वरखाली झाला, कपाळावर घाम आला. मी विचारलं, "काय रे?" त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं होतं त्याने, हे मी शपथेवर सांगेन. पण तेवढ्यात बाबांचा लाँड्रीवाल्यापुढे फड रंगला. "आमचा पोरगा खडखडीत बरा झाला हो! त्या नादावर आता गंज चढलाय. बघा, हात बघा त्याचे!"

खिट्टीने ओठ मिटले. नवी चावी पाडली आणि म्हणाला, "मीच नेऊन देतो."

"जा की," बाबा म्हणाले.

मी त्याच्यामागे जायला उठलेही होते. पण संशय म्हणजे अपमान, असं आमच्या घरात ठरलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीला तो आला. माझ्याकडे न बघता मागच्या खोलीतून बाथरूममध्ये गेला. मी ताटं घेतली. पाणी सोडल्याचा आवाज आला नाही. मी हाक मारली. उत्तर नाही. दाराला कान लावला, तर आतून घोरल्यासारखा आवाज, एकदा, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"बाबा!"

बाबा हत्यारं घेऊनच धावले. दाराला आतून त्यांनीच बसवलेली कडी होती. त्यांनी फटीत पट्टी घातली. गावातली निम्मी दारं त्यांनी ओरखडा न उठवता उघडली असतील, पण पट्टी सटकली. पुन्हा घातली, पुन्हा सटकली. आत घोरणंही थांबलं होतं.

"मोड," बाबा म्हणाले.

मी खांदा घातला. दोन धक्क्यांत बिजागरीसकट दार आत गेलं.

तो भिंतीला टेकून वाकडा पडला होता. ओठ निळे, बोटं निळी. मी त्याला सपाट झोपवलं, धावत जाऊन डबी ओरबाडली, कोऱ्या चाव्या खळकन खाली सांडल्या. फवारा नाकात मारला. त्याची हनुवटी वर केली आणि तोंडाने श्वास देत राहिले, केंद्रात शिकवला होता तसा. "ऊठ मेल्या, ऊठ," असं मधेमधे काहीबाही बोलत होते.

मग त्याने खोल, फाटका श्वास घेतला. डोळे उघडले. उलटी केली. आणि आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच त्याचा घात केलाय.

"काय केलंत? सोडा मला. जायचंय मला."

बाबा रडत होते, हसत होते, त्याचं डोकं कुरवाळत होते. "बसली! कोरी चावी बसली! आता काही होत नाही."

मी मोबाईल काढला. बाबांनी माझा हात धरला. "कशाला? दारात अँब्युलन्स उभी राहिली की सगळी गल्ली जमेल. सकाळीच लाँड्रीवाल्याला सांगितलंय मी, बरा झाला म्हणून. कुलूप बंद झालंय ना? झोपू दे त्याला."

"तो झोपला तर उठायचा नाही, बाबा!"

"मी जातो," खिट्टी म्हणाला. उभा राहायला गेला आणि पुन्हा बसला. "मला काही झालेलं नाही."

मला भयंकर संताप आला. डॉक्टरीणबाईंचं वाक्य पुन्हा सांगण्यात अर्थ नव्हता. डबीबरोबर ओढल्या गेलेल्या कोऱ्या चाव्या जमिनीवर पडल्या होत्या. मी त्यातली एक उचलली, बाबांच्या हत्यारांतलं एक कुलूप खेचून घेतलं आणि त्यांच्या नाकासमोर चावी आत घातली.

"खरी चावी फिरली की कुलूप तिला धरून ठेवतं. ती तशीच ओढून निघते का? सांगा!"

"नाही निघत," बाबा म्हणाले.

"आणि ही? ही फिरतच नाही. मग हिला धरलंय कुणी?"

मी कुलूप उलटं केलं, एकदा झटकलं. कोरी चावी फरशीवर पडली.

बाबा त्या चावीकडे बघत राहिले. मी खिट्टीकडे बघितलं. आत्ता आत्ता भांडत असलेल्या माझ्या भावाची मान छातीवर आली होती.

"फोन कर," बाबा म्हणाले. मग स्वतःच शटरकडे धावले, ते सगळं वर ढकललं आणि भर रस्त्यात उभे राहून ओरडायला लागले, "अहो, वाट मोकळी करा! माझ्या पोराने गर्द घेतलंय! अँब्युलन्स येतेय, वाट मोकळी करा!" कुणापुढे मान खाली न घातलेला माणूस. सगळी गल्ली जमली. लाँड्रीवालाही होता.

दुसरा फवारा मी मारला. अँब्युलन्स येईपर्यंत तो पुरला. तेवढंच.

हॉस्पिटलात खिट्टी शुद्धीवर आला, तेव्हा बाबा त्याच्या पायाशी स्टुलावर बसले होते. म्हणाले, "मला वाटलं होतं, गंजलं असेल."

"गंजत नाही, बाबा." त्याचा घसा बसला होता. "ते कुलूप हातात आलं आणि तोंडाला पाणीच सुटलं. त्याच खोलीत बसायचो आम्ही. ताईला सांगणार होतो. पण तुम्ही त्याला सांगत होतात, पोरगा बरा झाला. मग कसं सांगू?"

बाबांनी चादरीतून त्याचा पाय धरला आणि धरूनच ठेवला.

खिट्टी पुन्हा केंद्रात गेला. आला तेव्हा या वेळी कुणी बरा झाला म्हणालं नाही. बाथरूमला दार नवं बसवलं, कडी मात्र नाही. डॉक्टरीणबाईंना बाबांनी विचारलं, ही कुलपं कायमची बंद कधी होतील? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. बाबांनी मान डोलावली. या वेळी त्यांनी शेवटचं वाक्यही ऐकलं होतं.

परवाची गोष्ट. दुकानात गर्दी होती. बाबा एका घाईतल्या गिऱ्हाइकाची तिजोरीची चावी पाडत होते. गिऱ्हाईक बडं होतं, पाय आपटत होतं. रस्त्याच्या पलीकडून कुणीतरी ओळखीची शीळ घातली. माझ्या शेजारची कानस थांबली.

"बाबा," खिट्टी सगळ्यांदेखत म्हणाला, "तोंडाला पाणी सुटलंय."

बाबांनी अर्धी पाडलेली चावी खाली ठेवली. "अहो, माझं काम!" गिऱ्हाईक ओरडलं. बाबांनी त्याला हाताने हळूच बाहेर केलं, बाकीच्यांनाही केलं, शटर ओढून घेतलं आणि खिट्टीशेजारी जमिनीवर येऊन बसले.

"बोल," ते म्हणाले.