गळा हलवायचा नाही

वॉर्डात त्या काकांना सगळे ‘रेडिओ’ म्हणत. गळा नि छाती भाजलेली, तरी तोंडाचा पट्टा चालूच. आणि अशा माणसाच्या गळ्यावर मला कातडी छापायची होती. त्यांच्याच मांडीतून चिमूटभर तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवायला आम्हाला कित्येक आठवडे लागले होते. मशीन त्या पेशींचं जेल जखमेवर थराथरानं घालणार. थर बसण्याआधी गळा हलला, की सगळं मुसळ केरात.

“एक शब्द बोललात तर बघा,” मी दम भरला. “जागा बधिर केलीय. तरी दुखलंच, तर बोट वर करा.”

“छापताच आहात, तर जरा तरुण छापा,” म्हणाले आणि एकदाचे गप्प झाले.

त्यांची बायको भिंतीपाशी बसली होती, गाऊन-मास्क चढवून. घर पेटलं त्या दिवसापासून काकू नवऱ्याशी औषधपाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या. बाई तुसडीच आहे, असं माझं मत होतं. मशीन सरकू लागलं. काकांचा आवाज नसलेली ती खोली बहुतेक काकूंनाच सोसवेना.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आपला अबोला चालला होता ना, म्हणून मी न सांगताच बहिणीकडे गेले. आणि तुम्ही मला शोधायला त्या आगीत शिरलात. घरात कोणी नव्हतं हो! सांगून गेले असते तर...”

काकांचं बोट वर झालं. मी लगेच मशीन थांबवलं.

“दुखतंय?”

बोट काकूंकडे वळलं.

“एवढ्यासाठी?” मी चिडलेच. पण पडद्यावर पाहिलं, तर थर जागच्या जागी होता. माणूस केसभरही हलला नव्हता. मी मुकाट्यानं काकूंना हातमोजे दिले आणि त्यांची खुर्ची पुढे ओढली. त्यांनी नवऱ्याचा हात धरला. मशीन पुन्हा सुरू झालं. काकांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, मी ते गळ्यावर उतरण्याआधी टिपत राहिले. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू?

शेवटचा थर बसला.

“बोला आता, पण हळू,” मी म्हणाले. आता काहीतरी थट्टा करणार, अशी माझी खात्री होती.

काकांनी बायकोकडे पाहिलं.

“भांड हवं तेवढं,” ते म्हणाले. “पण कुठे जातेस ते सांगून जात जा. मी सगळ्या खोल्या शोधल्या गं.”