लख्ख घासलेली दिझा

मित्रांनो, मी एक फार जुना शब्द आहे. इतका जुना, की मला जन्म देणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून पंडित माझं मूळ रूप अंदाजाने मांडतात आणि त्याच्याआधी चांदणी काढतात. लेखी पुरावा नाही, याची ती कबुली. माझा अर्थ साधा आहे: पावाचं पीठ मळून आंबवायचं लाकडी भांडं. मळण्याच्या ज्या धातूतून मी आलो, त्यातूनच तुमचा 'देह' आला म्हणतात. म्हणजे आपण लांबचे भाऊबंदच.

माझी लेकरं पांगली. रशियात 'देझा', पोलंडमध्ये 'जेझा', युक्रेनमध्ये 'दिझा'. मग दुकानाचा पाव आला आणि एकेका घरातून आमचं बिऱ्हाड हललं. युक्रेनच्या पोलेसिया भागातल्या एका गावात मी शेवटी एकट्या मोत्र्या म्हातारीच्या तोंडी उरलो.

मोत्र्या तोंडाची भारी फटकळ. "दार लावा रे मेल्यांनो, दिझाला वारा लागतोय! रुसली तर खाल काय?" असं ओरडायची. दिझा कधी धुवायची नाही, नुसती खरवडायची. फळ्यांना चिकटलेलं जुनं आंबवणच पुढच्या पिठाला उठवतं. ते तिच्या सासूच्या सासूपासूनचं होतं.

एका हिवाळ्यात ती बर्फावर घसरली आणि महिनाभर दवाखान्यात राहिली. शहरातून सून आली, झोया. सासू परतायच्या आत तिने घर आरशासारखं केलं. दिझाही सोडा, साबण आणि उकळतं पाणी घालून घासली.

"आई, बघा तरी! केवढा थर बसला होता. दोन दिवस घासत होते."

मोत्र्याने आत नाक घातलं. साबणाचा वास आला. मग तिला झोयाची सोललेली बोटं दिसली.

"काय गं ही हातांची दशा! लोणी लाव आधी. बादली मस्त निघाली हो."

बादली! मित्रांनो, त्या दिवशी मला तिची एक शिवी हवी होती. शिवीत तरी माझं नाव आलं असतं. पण नाव घेतलं, की सगळं सांगावं लागलं असतं आणि पोरगी रडली असती. म्हणून तिने मला गिळलं. पुढे दोन वर्षं ती दुकानाचा पाव खात राहिली आणि एकदाही मला न उच्चारता गेली.

झोया आता त्यात कांदे ठेवते. परवा तिच्या मुलीने विचारलं, "हे काय गं?"

"आजीची बादली," ती मायेने म्हणाली.

तिच्यावर माझा राग नाही. वाईट एवढंच वाटतं, की सुनेने विचारलं नाही आणि सासूने सांगितलं नाही. म्हणून घरातली जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा आधी तिचं नाव विचारा. आणि तुम्ही मोठे असाल, तर समोरच्याला थोडं रडू द्या, पण सांगा.