आकाशी खोली

सिद्धेश्वरीने खिडकीची कडी काढून झडप ढकलली. झडप ढिम्म हलली नाही. अप्पांनी इतक्या हौसेने ऑइल पेंट फासला होता, की ती चौकटीला चिकटूनच बसली होती.

लेक पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून तिच्या अप्पांनी, रुद्रप्पांनी, खोली स्वतःच्या हातांनी रंगवली होती. भिंती, दार, खिडकी, सगळं आकाशी आणि चकचकीत. पण दवाखान्यातून आल्यापासून सिद्धेश्वरीचं डोकं ठणकत होतं, डोळे चुरचुरत होते. तान्ही तर खोकून खोकून लाल व्हायची. न्हाणीत नेली की शांत, खोलीत आणली की पुन्हा सुरू. आई, काशम्मा, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून मोकळी झाली होती. दार मात्र बंदच. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, हा त्या घरातला कायदा.

"अव्वा, हा रंगाचा वास हिला सोसत न्हाई. दार उघडं ठेव."

"सव्वा म्हैना दार उघडायचं न्हाई. आमी काय बाळंतपणं केली न्हाईत?"

"तुझी खोली शेणानं सारवलेली होती, अव्वा."

बाळ पुन्हा खोकलं आणि सिद्धेश्वरीचा संयम सुटला. तिने लेकीला दुपट्यात गुंडाळलं, दार सताड उघडलं आणि अंगणातल्या बाजेवर जाऊन बसली. शेजारच्या शांतम्मा कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहिल्या. ओट्यावर बसलेल्या रुद्रप्पांचा चेहरा उतरला. तिला फार वाईट वाटलं, पण ती उठली नाही.

काशम्मा चांगलीच भडकली. मीच बसते आत, बघू काय होतंय ते, असं बजावून ती खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

बाहेर बाळ चुटुचुटु दूध पिऊ लागलं. आतून आधी पुटपुटणं ऐकू येत होतं, मग खोकला. तो वाढतच गेला.

शेवटी कडी वाजली. काशम्मा पदराने डोळे पुसत बाहेर आली. कुणाकडे न बघता तिने बाळाचं टोपडं कानांवर ओढलं, लेकीच्या डोक्याला रुमाल बांधला आणि बाजेवर टेकली.

शांतम्मांनी भिंतीवरून विचारलंच, बाळंतीण अशी उघड्यावर कशी म्हणून.

"मीच आणली," काशम्मा म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "पटाशी आणा. खिडकी मोकळी करायची हाय."