खंडेनवमीचा विसावा

मी एक जुना डीप फ्रीजर आहे, आणि मित्रांनो, माझा माणसांवर राग आहे. कुल्फी शोधत आला असाल तर चालते व्हा. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी बायकांच्या तपासणीचे नमुने उणे ऐंशी अंशांवर राखत होतो.

नमुने डॉक्टर संयोगिताताईंचे. आपल्या अंगात चांगले जंतूही राहतात. गर्भाशयाच्या वाटेवरचे असे जंतू घटले, की अंगाची राखणदार फौज चवताळते आणि पोटातल्या बाळालाच परकं समजते का, हे त्या शोधत होत्या. पेठ वडगावच्या सुष्मिताचं बाळ दर खेपेला पोटातच जायचं. सासरचे तिला पांढऱ्या पायाची म्हणायचे. शेवटच्या खेपेला, बाळ जायच्या आधी घेतलेला तिचा नमुना माझ्याकडे होता. दोष कशात आहे ते एकदा सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. पुन्हा दिवस जाऊ द्यायची तिची छाती नव्हती.

मग आली खंडेनवमी. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांची फाउंड्री आहे. तिथं त्या दिवशी यंत्रं बंद करून, पुसून पूजतात. इथंही त्यांनी तेच फर्मान सोडलं. ताई नमुने आणायला वारणानगरला गेल्या होत्या. त्यांना विचारू का, असं शिपाई पिराजी म्हणाला, तर अध्यक्ष गरजले, "वर्षातनं एक दिवस यंत्राला इसावा नको व्हय?"

माझा प्लग काढला. मी धोक्याची घंटा वाजवून कोकललो, तर तीही बंद केली. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात पेढे! आत सगळ्याचं पाणी होत होतं आणि बाहेर हे हात जोडून उभे. आग लागो असल्या पूजेला! दुसऱ्या दिवशी दसरा, मग कोण फिरकतंय?

सुट्टीनंतर ताईंनी माझं दार उघडलं आणि त्या तिथंच फरशीवर बसल्या. दुसरे नमुने घ्या, त्यात काय, असं अध्यक्ष म्हणाले. त्यात काय, म्हणे! गेलेल्या बाळाच्या वेळचा नमुना आता कुठून आणायचा?

सुष्मिता आली. ताईंनी काही न लपवता सांगितलं. ती रडली नाही. माझ्या दारावरचं कुंकू बघत म्हणाली, "म्हंजे दोष माझाच ऱ्हायला की."

मित्रांनो, यंत्र कुणासाठी चालतंय ते आधी विचारा, मग हात लावा. तो हार अजून माझ्या गळ्यात वाळतोय. मला हात जोडू नका. जोडायचेच असतील तर पेठ वडगावला जाऊन तिच्यापुढं जोडा.