ग्राफिक्स कार्डाचा कौल

दीपेशला कम्प्युटर घ्यायचा होता, आणि तोही साधासुधा नव्हे. गेम खेळण्यासाठी एकेक पार्ट निवडून जोडलेला, दहा वर्षं कुणी नावं ठेवू नयेत असा. पैसे साठले होते, कोल्हापूरचं दुकान ठरलं होतं, घोडं अडलं होतं ते फक्त ‘कधी’ यावर. २००८च्या गणपतीत घ्यायचं म्हटलं, तर दिवाळीत नवा प्रोसेसर येणार होता. दिवाळीत तो आला, तर ग्राफिक्स कार्डाचे भाव उतरणार म्हणे. ते उतरले, तर त्या कार्डाचा थोरला भाऊ शिमग्याला येणार अशी बातमी. हा गृहस्थ थांबला तो थांबलाच. त्याच्या अख्ख्या तोंडवली गावात गळ टाकून बसणाऱ्यालाही एवढा धीर नसेल.

एक गोष्ट मात्र थांबणारी नव्हती. थोरली बहीण दीपिका हिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, सासर डोंबिवलीला. लहानपणी मालवणच्या सायबर कॅफेत दोघं एका खुर्चीवर दाटीवाटीने बसून गाड्यांची शर्यत खेळायची. घरी आपला कम्प्युटर आणू आणि पोटभर खेळू, हा बेत तेव्हाचा. ती जायच्या आत तो पुरा व्हावा म्हणून दीपेशचा जीव तुटत होता, आणि तायसाठी घ्यायचा तर सगळ्यात भारी घ्यायचा म्हणून हाच शहाणा थांबतही होता. आता याला काय म्हणावं?

शेवटी त्यांची आई वैतागली. या घरात होडी पाण्यात टाकायची की सोयरीक जुळवायची, सगळं देवाला विचारूनच होई. मग कम्प्युटरने काय घोडं मारलंय? सोमवारी सकाळी तिने दोघांना देवळात नेलं.

गुरवकाकांनी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दीपेशने घरून पाठ करून आणलेला प्रश्न सांगितला. कार्ड म्हणजे काय, हे काकांनी विचारलंच नाही. देवाला कळलं म्हणजे झालं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, तुझो ह्यो झील आणखी थांबलो, तर हेका ह्याच्यापेक्षा बरा कार्ड गावतला काय? गावतला तर उजवो कौल दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

उजवी पाकळी पडली. दीपेशची कळी खुलली. पण त्याला राहवेना. ते कार्ड आल्यावर आणखी थांबलो तर त्याहून बरं मिळेल का, तेही विचारायला लावलं. पुन्हा उजवी. त्याच्याही पुढचं विचारलं, पुन्हा उजवी. आता काकांनाच हसू आवरेना. कौलाला आलेली माणसं तोंडाला पदर-पंचे लावून हसायला लागली.

हसत हसत दीपिका पुढे झाली.

“काकांनू, आता माझा विचारा. पुढच्या वर्साक ह्यो कार्ड आणतलो, तेव्हा मी घराक आसतलंय काय?”

काकांनी पाकळी ओली केली. ती देवाला लागायच्या आत दीपेशने त्यांचा हात धरला. असं कुणी करतं का? आईने घाबरून गालांवर हात मारून घेतले.

“नको, काकांनू,” तो म्हणाला. “ह्या माका ठावक आसा.”

त्याच दिवशी त्याने कोल्हापूरची एसटी धरली आणि दुकानात जे होतं ते घेऊन आला. व्हायचं तेच झालं. पंधरवड्यात भाव आणखी उतरले. मित्राने मोठ्या उत्साहाने फोन करून ते सांगितलं, तेव्हा बहीणभाऊ शर्यतीत होते. नंतर बोलू म्हणून दीपेशने फोन ठेवला. शिमग्याला नवं कार्ड आलं, त्याची त्याला शुद्धही नव्हती. इतका आनंद त्या घरात कित्येक दिवसांत झाला नव्हता.

हळदीच्या दिवशी नवरी सापडेना. शेवटी आई आतल्या खोलीच्या दारात आली. पिवळेधमक हात कीबोर्डवर आणि डोळे पडद्यावर, अशी नवरी भावाला खेटून बसली होती. बाहेर बायका खोळंबल्या होत्या. आई रागवायलाच आली होती, पण दोघांकडे बघत तशीच उभी राहिली.

“कोण फुडे आसा?” तिने विचारलं.

“मी,” दीपिका म्हणाली.

“मगे संपव नि ये.”

दार ओढून घेऊन आईने बाहेर सांगितलं की नवरी येतेच आहे, जरा बसा. दीपेशला पुढचा रस्ता नीट दिसेनासा झाला. त्याची गाडी कठड्यावर जाऊन आपटली, आणि ताय खदाखदा हसत सुटली.