उलटे आटे

"अहो, कुणीतरी या इकडे! हा नळ बंद करतोय तसतसा उघडतोच आहे!"

न्हाणीतून गोरधनभाईंचा आवाज आला आणि मागोमाग पाणी भिंतीवर आपटल्याचा. हिरल धृवीला खांद्याशी धरून धावत गेली. तिचे वडील तोंडभर साबण लावून, डोळे घट्ट मिटून उभे होते. हातात नळाची पितळी मूठ होती, दांड्यासकट. नळाच्या तोंडातून पाणी थेट छताकडे निघालं होतं आणि प्रवासाला म्हणून घातलेला त्यांचा पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता.

"पप्पा, बंद करायला डावीकडे फिरवायचा!"

"डावीकडे? नळ डावीकडे बंद होतो? कुणाच्या बापाच्या घरात?"

ज्यांच्या घरात होतो ते जेरामभाई पिठवा, हिरलचे सासरे, नेमके तिच्या मागे येऊन उभे होते. हिरलने मोकळ्या हाताने झटकन पदर तोंडावर ओढला. गोरधनभाईंनी साबणातून एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि जीभ चावली. जेरामभाई तसेच वळले, गच्चीचा जिना चढले आणि टाकीची चावी बंद करून आले. ती चावीही त्यांनीच बनवलेली, आणि तीही उलटीच.

पाणी थांबलं. न्हाणीत घोटाभर तळं झालं होतं.

"चला, व्याहींनी जामनगरात गंगा आणली," सासूबाई लाभुबेन टॉवेल पुढे करत म्हणाल्या. "माझी आंघोळ राहिलीच होती."

सगळे हसले. हसला नाही तो हिरलचा नवरा निमेश. गोंडलहून सासरे आलेले, बाळंतपणाला माहेरी गेलेली बायको आणि चार महिन्यांची लेक घरी पोचवायला आलेले, बरोबर मिठाईचे डबे, कपडे, बाळाला झोपवायचं नवंकोरं घोडियुं, म्हणजे झोळीचा पाळणा. आणि त्यांना ओलंचिंब उभं केलं कुणी, तर घरच्या नळाने. तो बापाला अंगणात घेऊन गेला. आवाज खाली ठेवला होता, पण स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते.

"बापुजी, आता पुरे. उद्या प्लंबर आणतो. एकूण एक नळ बदलायचे."

"बरं."

"आणि डेली पण रिकामी करू. घरात लहान मूल आलंय. उद्या रांगायला लागेल, तिथे सगळीकडे पितळेचा कीस, पाती, टोचे. लेथला भंगारवाला बघतो मी."

"बरं," जेरामभाई म्हणाले.

खिडकीतल्या हिरलला ते दुसरं 'बरं' लागलं. नळाचं तिलाही पटत होतं. पण डेली म्हणजे दारालगतची ती अरुंद खोली, तिथली पायाने चालवायची लेथ, खिळ्यांना टांगलेल्या कानशी, आणि स्टुलावर बसलेले सासरे. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना दुसरीकडे कुठे फारसं पाहिलंच नव्हतं. जेवायचं ताटही कितीदा तिथेच जायचं.

जेरामभाईंची सगळी नोकरी पितळेच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात गेली. दिवसभर परक्याच्या यंत्रावर परक्यासाठी आटे पाडायचे. कसले बोल्ट, कुठल्या गाडीत बसणार, काही ठाऊक नाही. संध्याकाळी घरी आलं की हात धुवायच्या आधी ते डेलीत शिरत आणि घरासाठी काहीतरी करायला घेत. तरुणपणी एकदा जुन्या बाजारातून त्यांनी आटे पाडायच्या हत्यारांची एक पेटी उचलली. तेल लावलेली, अजिबात न झिजलेली. घरी येऊन पहिला आटा पाडला तेव्हा कळलं, पेटी गॅसच्या कामाची आहे, सगळे आटे उलटे. लाभुबेन नव्या नवरी होत्या. "परत देऊन या," म्हणाल्या. जेरामभाईंनी तो बोल्ट उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "आटा काय वाईट आहे? नीट बसतो की. फक्त वळतो दुसरीकडे."

मग घरातलं एकेक करून सगळंच दुसरीकडे वळलं. नळ, पाण्याच्या पिंपाची तोटी, डब्यांची झाकणं, झोपाळ्याच्या कड्या, शेव-गाठियाचा सोऱ्या. शेजारची रंभाबेन सोऱ्या मागून न्यायची आणि पीठ तसंच घेऊन परत यायची. "जेरामभाई, तुमच्या घरी सूर्य तरी पूर्वेलाच उगवतो ना? सांगून ठेवा, मला सकाळी पापड वाळत घालायचेत." निमेश शाळेत असताना त्याचे मित्र पाणी प्यायला आले की पिंपाशी झटापट करत आणि खोखो हसत. तो त्यांना हळूहळू घरी आणेनासा झाला. हे त्याने हिरलला एकदाच सांगितलं होतं.

हिरलची पहिली सकाळ याहून वेगळी नव्हती. नवी सून, चहा करायला उठलेली, आणि पाण्याचा नळ उघडेना. जितका जोर लावावा तितका घट्ट. हाताला वळ उठले. शेवटी रडू कोसळलं. चहाला उशीर झाला म्हणून नाही. साधा नळ उघडता येत नाही, आपण या घरात काय राहणार म्हणून. सासऱ्यांसमोर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. तेव्हा जेरामभाई डेलीच्या दारातून बघत होते की नव्हते, तिला आजही माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी उठून पाहते तर नळाच्या मुठीवर टोच्याने ठोकलेला एक छोटासा बाण. पिंपाच्या तोटीवर बाण. शेगडीच्या बटणावर, डाळीच्या डब्यावर, साखरेच्या डब्यावर बाण. उघडायला इकडे. कुणी काही बोललं नाही, तिनेही विचारलं नाही. महिन्याभरात बाणांची गरज संपली. हात आपला आपण वळायला लागला.

दुपारी जेवणं झाली. जामनगरात दुपारी जेवल्यावर माणूस तर सोडाच, दुकानसुद्धा झोपतं. लाभुबेन पंख्याखाली आडव्या झाल्या, निमेश प्लंबरला फोन करता करता झोपला. मोठ्या खोलीत नवं घोडियुं मांडलं होतं, चकचकीत नळ्यांचं, झोळीला मोर लावलेले. लेकीच्या बाळाला घोडियुं तिच्या माहेरचंच यायचं, हा मान त्यांचा. धृवीने मात्र त्या मोरांकडे बघून भोकाड पसरलं होतं. हिरल तिला घेऊन फिरत फिरत डेलीपर्यंत आली आणि दारात थबकली.

जेरामभाई कानशी पुसून पोत्यात भरत होते. एकेक कापडात गुंडाळून, लोणच्याच्या बरण्या भराव्यात तशा. भिंतीवरचे अर्धे खिळे रिकामे झाले होते.

हिरलने पदर पुढे घेतला. काय बोलणार आणि कसं? मग तिला आठवलं की आता तिच्याजवळ बोलायला माणूस आहे.

"धृवी," ती लेकीला म्हणाली, "तुझ्या आजोबांना, दादांना विचार, एवढी घाई कशाला?"

जेरामभाईंचे हात थांबले. त्यांनी हिरलकडे पाहिलं नाही. नातीकडे पाहिलं.

"धृवीबेन, तुमच्या आईला सांगा, भंगारवाला आला की ओढाओढ करतो. आपणच बांधून ठेवलेलं बरं."

"दादांना विचार, त्यांना द्यायचंय का हे सगळं?"

जेरामभाईंनी आणखी एक कानस कापडात गुंडाळली.

"आईला सांगा, निमेशचं चुकत नाही. पोराला या घरात लाज वाटली, ती मला दिसत होती. मी म्हणायचो, वळेल त्याचा हात. नाही वळला." त्यांनी पोत्याचं तोंड दोरीने आवळलं. "आणि आज व्याहींना भिजवलं. त्याचं वाईट वाटतं."

धृवी आता रडायची थांबली होती. ती कोपऱ्याकडे टक लावून बघत होती. तिथे गोणपाटाखालून पितळेचा एक पाय डोकावत होता, घासून घासून सोन्यासारखा केलेला. हिरलने वाकून गोणपाट बाजूला केलं.

घोडियुं होतं. कुठल्या कुठल्या नळ्या जोडलेलं, पण जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये असं. काठांना कुठे धार नाही. टोकांना गोल पितळी बोंडं. वर झोळी टांगायची कडी आणि उंची कमी-जास्त करायला एक नट, चिमटीत धरता यावा म्हणून दोन कान काढलेला.

"धृवी, दादांना विचार, हे कुणाचं?"

"कुणाचं नाही. असंच उरलंसुरलं जोडलंय." जेरामभाई प्रथमच गडबडले. "घोडियुं आजोळचंच असतं, मला ठाऊक आहे. हे मी मांडणार नव्हतो. हात रिकामा होता, झालं."

हिरलने झोळीची उंची बघावी म्हणून नट सैल करायला घेतला. या घरात सैल करायला उजवीकडे. तिने उजवीकडे फिरवला. नट घट्ट बसला. पुन्हा फिरवला, आणखी घट्ट. सासऱ्यांच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी चुकलं असं तिला वाटलं. तिने मान वर केली. जेरामभाई लेथकडे बघत होते.

"धृवीबेन, आईला सांगा, डावीकडे फिरवायचा. याचे आटे सरळ आहेत. नवं हत्यार आणलं त्यासाठी." त्यांनी लेथवरचा कीस हाताने गोळा केला. "पोरीला उद्या शाळेत जायचंय, गावोगाव जायचंय. जिकडे जाईल तिकडे नळ सरळच असणार. माझी खोड तिच्या हाताला लागायला नको."

नट डावीकडे वळला. लोण्यासारखा.

"दादांना सांग," हिरल म्हणाली, "आईच्या हाताला तर कधीच लागली आहे."

"मग मी सकाळी नळ सरळ फिरवला त्यात माझं काय चुकलं?" मागून आवाज आला. गोरधनभाई दारात उभे. जावयाचा लेंगा-झब्बा घातलेला, बाह्या बोटांवर आलेल्या. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले, घोडियाची बोंडं चाचपली, नट दोन्ही बाजूंना फिरवून पाहिला.

"व्याही, हे बरं नव्हे," ते म्हणाले.

जेरामभाईंनी हात जोडले. "माफ करा. मान तुमचा आहे. मी हे—"

"अहो मान कसला! एवढं चांगलं केलं आणि पोत्याखाली घातलं, ते बरं नव्हे म्हणतोय. माझं ते दुकानातलं आहे. मोर बघूनच पोरगी घाबरते, मी बघितलं ना मघाशी. असं करा, रात्री माझ्या घोडियात, दुपारी तुमच्या. दुपारची ती इथेच झोपेल, डेलीत."

"डेली तर रिकामी करायची..."

"ते मी बघतो."

चहाच्या वेळी त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि जावयाला म्हणाले, "निमेशकुमार, तुमचा नळ मी तोडला, भरपाई देणं आहे. पण एक मागणंही आहे. माझी नात दुपारी डेलीत झोपणार. आजोबा लेथ चालवतात त्या आवाजात झोप चांगली लागते, मी स्वतः घोरून बघितलंय आत्ता. पातीबिती वरच्या फळीवर ठेवा, खाली चटई घाला. डेली हलवू नका."

निमेशने हिरलकडे बघितलं, मग बापाकडे. बाप बशीकडे बघत होता.

"पण नळ बदलायचेच," निमेश म्हणाला.

"नळ बदल," जेरामभाई म्हणाले. "नळाचं बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी गोरधनभाई सकाळच्या गाडीने गेले आणि प्लंबर आला. मोठा पाना घेऊन त्याने पहिल्या नळाला जोर लावला तसे जेरामभाई उठले. "थांब भाई, भिंत फुटेल. ते माझ्यावर सोड." आणि स्वतःचा एकेक नळ त्यांनी स्वतः उतरवला. न्हाणीतला, अंगणातला, स्वयंपाकघरातला. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. उतरलेला प्रत्येक नळ फडक्याने पुसून ते घमेल्यात ठेवत होते. प्लंबर नुसता नवे बसवत गेला. निमेश घमेलं उचलायला पुढे आला, मग त्यानेच ते डेलीत नेऊन ठेवलं.

संध्याकाळपर्यंत घरभर गंमत चालली. लाभुबेन अंगणातल्या नव्या नळाशी भांडत होत्या. "मेला उघडत नाही! एवढी वर्षं एकीकडे वळवला हात, आता या वयात दुसरीकडे कुठून वळू?" हिरलचंही तेच. धृवीचं दुपटं धुवायला न्हाणीत गेली की हात उजवीकडे जायचा आणि नळ करकचून घट्ट व्हायचा. मग आठवायचं. मग पुन्हा विसरायचं. एकदा ती तशीच ओल्या दुपट्यासकट नळाकडे बघत उभी राहिली. पलीकडे डेलीत लेथ थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. चहाचं भांडं हातात घेऊन नळाशी गेली, सवयीने हात टाकला आणि बोटांना काहीतरी टोचलं. नव्या चकचकीत मुठीवर टोच्याने ठोकलेला छोटासा बाण होता. मूठ पितळेची नव्हती, त्यामुळे ठसा जरा उथळ उठला होता. दोनदा ठोकलेला दिसत होता.

बाणाचं टोक डावीकडे होतं.

हिरलने ओलं बोट त्याच्यावरून एकदा फिरवलं आणि नळ उघडला.